ट्रेलर जोडला की दिवे का जातात? घोडा आणि ट्रेलरच्या वायरिंगमधला बिघाड शोधण्याची पद्धत

कळंबोली, तळोजा, उरण, भिवंडी या पट्ट्यात पहिला ट्रेलर घेणारा माणूस टायर, डिझेल आणि ड्रायव्हर या तिन्हींची कसून चौकशी करतो. दिव्यांची चौकशी कुणी करत नाही. मग न्हावाशेव्याहून कंटेनर भरून गाडी निघते, गव्हाण फाट्याच्या पुढे शेजारून जाणारा टेम्पोवाला हात हलवत ओरडतो, "मामा, मागचं सगळं बंद आहे!" आणि तिथून गोंधळ सुरू होतो. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनवाली गाडी, एकटा असताना सगळे दिवे लागतात, ट्रेलर जोडला की जातात. ड्रायव्हर म्हणतो बल्ब गेले, वायरमन म्हणतो वायरिंग गेली, आणि पैसे तुमचे जातात.

आपल्याकडे हे जास्त महागात पडतं. ठाणे आणि नवी मुंबईत अवजड गाड्यांना वेळेची बंदी असते, म्हणून बहुतेक ट्रेलर रात्रीच धावतात. कंटेनर लादलेला चाळीस फुटी ट्रेलर मागच्या दिव्यांशिवाय अंधारात उभा असेल तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

खाली दिलेली पद्धत मी रोज वापरतो. तिचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: बल्ब किंवा तार बदलण्याआधी बिघाड सात पिनच्या (घोड्याचा करंट ट्रेलरच्या दिव्यांना पोचवणारी केबल) कुठल्या बाजूला आहे ते ठरवा.

१. आधी गाडी नीट जागी उभी करा

मुंब्रा बायपासच्या उतारावर किंवा घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात खाली उतरून तारा चाचपत बसू नका. हजार्ड लावून हळूहळू पेट्रोल पंप गाठा. कळंबोलीचं ट्रक टर्मिनल किंवा बंदराजवळचा पार्किंग प्लाझा जवळ असेल तर त्याहून उत्तम. गाडी हलतच नसेल तर हँडब्रेक लावा, चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा, त्रिकोण मागे बराच लांब ठेवा आणि क्लिनरला टॉर्च देऊन रस्त्याच्या कडेला उभं करा. ट्रेलरच्या मागे उभं करू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर ड्रायव्हरला पाठ असू द्या.

रिफ्लेक्टर टेपला करंट लागत नाही. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. ती चिखलाने माखलेली असेल तर दिवे दुरुस्त करण्याआधी फडकं मारा.

२. सोबत ठेवायचं सामान

- २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब तारा असलेला टेस्ट लॅम्प. एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोकदार सळई
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- गाडीत आहेत त्याच अँपिअरचे जादा फ्यूज
- २१ वॅट आणि ५ वॅटचे बल्ब, दोन्ही २४ व्होल्टचे
- बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, व्हॅसलिन
- थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) आणि ती दाबायची पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), केबल टाय
- फ्यूज लावलेली दहा-बारा फूट तार
- शक्य असल्यास एक जादा सात पिन केबल

यातला टेस्ट लॅम्प सगळ्यात महत्त्वाचा, मीटरपेक्षाही. सात पिन केबलमधल्या तारेचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल, तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब साधारण ०.९ अँपिअर ओढतो. एका धाग्यावर तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. "व्होल्टेज तर येतंय" म्हणून तास-तास डोकं खाजवणारी माणसं इथेच फसलेली असतात. मीटर लागतो तो बॅटरी आणि चार्जिंग बघायला.

३. सात पिन ओळखून घ्या

आपल्या जड गाड्या २४ व्होल्टच्या. घोड्याच्या केबिनमागे जो गोल सॉकेट असतो त्याच्या प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्च तिरका धरला की दिसतात. आयएसओ ११८५ मानकाप्रमाणे जोडणी अशी:

- १, पांढरी: अर्थ (करंट परत जाण्याची तार)
- २, काळी: डाव्या बाजूचे पार्किंग दिवे
- ३, पिवळी: डावा इंडिकेटर
- ४, लाल: ब्रेक लाइट
- ५, हिरवी: उजवा इंडिकेटर
- ६, तपकिरी: उजव्या बाजूचे पार्किंग दिवे
- ७, निळी, बरोब्बर मध्ये: मानकात ट्रेलर ब्रेकच्या नियंत्रणासाठी

सातव्या पिनवर आपल्याकडे कोण काय जोडेल सांगता येत नाही, रिव्हर्स लाइटपासून कामाच्या दिव्यापर्यंत काहीही असतं. जुना ट्रेलर घेतला असेल तर निळ्या तारेचा माग काढल्याशिवाय तिला करंट देऊ नका.

दोन सापळे. पहिला, रंगांवर विश्वास ठेवू नका, आकड्यांवर ठेवा. बॉडी बांधताना दुकानात जी गुंडाळी शिल्लक होती ती तार टाकलेली असते. तीन वेळा दुरुस्त झालेल्या ट्रेलरमध्ये तर अर्थला लाल तारही सापडते. दुसरा, मोबाइलवरचे परदेशी व्हिडिओ. छोट्या गाड्यांच्या १२ व्होल्टच्या सात पिनला आकार जवळपास तोच असतो पण अर्थ तिसऱ्या पिनवर असतो. अमेरिकन ट्रक १२ व्होल्टचे आणि त्यांची दिव्यांची वाटणी वेगळी. तो व्हिडिओ बघून आपल्या सॉकेटमध्ये तारा हलवल्या की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो.

४. बिघाड घोड्यात, केबलमध्ये की ट्रेलरमध्ये?

पूर्ण लेखातलं काही एकच करणार असाल तर हे करा.

केबल काढा. पार्किंग दिवे चालू करा. टेस्ट लॅम्पची क्लिप घोड्याच्या सॉकेटमधल्या १ नंबरला लावा आणि सळई २ आणि ६ ला टेकवा. नंतर दोन्ही इंडिकेटर. शेवटी क्लिनरला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून ४ नंबर. प्रत्येक ठिकाणी बल्ब लख्ख लागला पाहिजे.

सगळीकडे लख्ख लागला तर घोडा निर्दोष. केबिनमधला फ्यूज बॉक्स उघडायची गरज नाही, आणि वायरमनलाही उघडू देऊ नका.

कुठेच लागला नाही, तर क्लिप १ नंबरवरून काढून चेसिसच्या घासून चकचकीत केलेल्या बोल्टला लावा. आता लागला? मग करंट येतोय, सॉकेटचा अर्थ तुटलाय. एखाद्याच पिनवर लागला नाही तर त्या एका लाइनीचा फ्यूज, स्विच किंवा मधली तार.

घोडा बरोबर निघाला की केबल. पार्किंगमध्ये शेजारी ट्रेलर उभा असतोच, त्याच्या ड्रायव्हरकडून पाच मिनिटांसाठी केबल मागा. "उस्ताद, जरा तुमची सात पिन देता का, चेक करून लगेच देतो" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. त्याच्या केबलवर तुमचे दिवे लागले तर प्रश्न मिटला. केबल मिळाली नाही तर तुमचीच केबल घोड्याला लावा, दुसरं टोक मोकळं ठेवून तिथे टेस्ट लॅम्प लावा आणि केबल हातात धरून हलवा, वळवा, ताणा. बल्ब लुकलुकला की तार आतून तुटलीय. स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची केबल बहुतेक वेळा प्लगला लागून दोन-तीन इंचांत तुटते, वेटोळ्यांत क्वचितच.

केबलही ठीक असेल तर ट्रेलर. फ्यूज लावलेल्या तारेने बॅटरीच्या प्लसवरून ट्रेलरच्या सॉकेटमधल्या २ ते ६ नंबरच्या एकेका पिनला करंट द्या. त्याआधी १ नंबर बॅटरीच्या मायनसला जोडा. कुठली लाइन लागते आणि कुठली नाही ते समोर दिसतं.

५. अर्थ

ट्रेलरचे अर्ध्याहून जास्त विचित्र आजार इथे सापडतात, म्हणून याला जास्त जागा देतोय.

करंट बल्बपर्यंत जातो तसा परतही यावा लागतो. परतीचा रस्ता बंद झाला की तो दुसऱ्या दिव्यांच्या फिलामेंटमधून वाट काढतो. म्हणून डावा इंडिकेटर दिला की टेललाइट मंद होऊन त्याच तालावर लुकलुकतो, ब्रेक दाबला की ब्रेकऐवजी पार्किंग दिवे अर्धवट पेटतात. असं भुताटकीसारखं काही दिसलं की बल्ब काढू नका. आधी मागच्या दिव्याच्या बॉडीवरून चेसिसला एक सुटी तार टेकवून बघा. खेळ थांबला तर तुमचा अर्थ गेलाय.

दुसरं लक्षण म्हणजे दिवे सरळ रस्त्यावर लागतात, वळणावर किंवा खड्ड्यात जातात. याचा अर्थ १ नंबरची तार मेली आहे आणि करंट किंग पिन (ट्रेलरखालचा जोडणीचा खुंट) आणि फिफ्थ व्हीलमधून (घोड्यावरची तो पकडणारी ताटली) कसाबसा परत येतोय. त्या दोन पत्र्यांच्या मध्ये ग्रीस थापलेलं असतं, ते काही भरवशाचं कनेक्शन नाही. तिकडे कितीही घासलं तरी उपयोग नाही, १ नंबर दुरुस्त करा.

दुरुस्ती अशी. अर्थचा बोल्ट सोडा. खाली रंग असेल तर पूर्ण खरवडून चमकणारं लोखंड दिसू द्या. थिंबल हिरवी झाली असेल तर कापून टाका आणि तार मागे सोलत जा, तांबं गुलाबी दिसेपर्यंत. खाडीच्या हवेत, उरणकडे विशेषतः, खार तारेच्या आत फूटभर चढलेला असतो. वरून काळं कव्हर नवं दिसतं आणि आतून तांब्याची काळी भुकटी निघते. नवीन थिंबल दाबा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून व्हॅसलिन. आणि मागच्या प्रत्येक दिव्याचा अर्थ चेसिसवर सोडण्याऐवजी एक जाड तार सगळ्या दिव्यांतून फिरवून थेट १ नंबरला आणा. तारेचा खर्च वाढतो, पण पुढचे दोन पावसाळे निवांत जातात.

६. सॉकेट उघडून बघा

झाकण उघडा आणि स्प्रिंग चालते का बघा. झाकण लोंबत असेल तर पाणी थेट आत. पिनांवर हिरवट थर, एखादी काळपट, एखादी बाजूला वाकलेली. काळपट पिन म्हणजे सैल पिन: सैल असल्याने तापली आणि तापून आणखी सैल झाली. पितळी पिनेला मध्ये चीर असते, त्या चिरेत बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून अगदी केसभर फाकवा, म्हणजे समोरच्या नळीत घट्ट बसते. जोर लावला तर मोडते. आतल्या तारेचे स्क्रूही आवळा, ते हादऱ्यांनी ढिले होतात. ट्रेलर सोडला की प्लग खाली तोंड करून होल्डरला अडकवा. प्लास्टिकची पिशवी बांधायची पद्धत आहे ती सोडा, आत वाफ कोंडते.

केबलची लांबीही बघा. आखूड असेल तर लोडिंगला वळताना ओढली जाते. जास्त असेल तर घोड्याच्या पत्र्यावर घासून सोलली जाते.

७. फ्यूज सारखा उडत असेल

उडालेल्या १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. फ्यूज उडत नाही हे खरं. मग त्याऐवजी तार जळते, आणि ती केबिनमधल्या गुच्छातली असते.

ट्रेलर काढून नवा फ्यूज लावा. टिकला तर शॉर्ट ट्रेलरमध्ये. त्या लाइनीचे ट्रेलरवरचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा आणि ट्रेलर परत लावा. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला म्हणजे शॉर्ट अजून आहे. आता क्लिनरला वायरिंग पुढून मागे हाताने हलवत न्यायला सांगा. ज्या जागी लॅम्प विझेल तिथे तार सोललेली आहे. पहिल्यांदा बघायच्या जागा: पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ जिथे तार चेसिसच्या भोकातून जाते, मडगार्डचे ब्रॅकेट, आणि गोदामाच्या धक्क्याला रिव्हर्स घेताना आपटलेला मागचा दिवा.

शॉर्ट नसताना फ्यूज उडतो तेव्हा हौस जबाबदार असते. पाच वॅटचे बारा साइड मार्कर म्हणजे ६० वॅट, २४ व्होल्टवर अडीच अँपिअर. त्यात नंतर लावलेल्या रंगीत झालरी त्याच लाइनीवर टाकल्या की फ्यूज तरी काय करणार.

८. इंडिकेटर भरभर टिकटिकतो

त्या बाजूचा एक बल्ब गेला किंवा कुणीतरी एलईडी लावलाय. एलईडी करंट कमी ओढतो, जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) वाटतं बल्ब उडाला. एलईडीला चालणारा फ्लॅशर मिळतो, तो लावा. नव्या गाड्यांत हे काम कंट्रोल युनिट करतं, तिथे कंपनीच्या माणसाला विचारूनच हात लावा. बाजारात १२ व्होल्टचे स्वस्त एलईडीही हातावर टेकवतात. पाकिटावर २४ व्होल्ट किंवा १० ते ३० व्होल्ट छापलंय का वाचूनच घ्या.

९. चार्जिंग आणि बॅटरी

सगळेच दिवे पिवळे आणि मंद पडले तर ट्रेलरला दोष देऊ नका. रात्रभर उभ्या गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या मिळून २५.२ ते २५.४ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५. त्याहून कमी तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा, ३० च्या वर तर रेग्युलेटर, आणि मग बल्ब एकामागून एक उडतात.

मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.७ आणि दुसरी ११.८ दाखवत असेल तर केबिनमध्ये बघा: पंखा, टेप, मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून चालवलेला असणार. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळतो, दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

१०. एबीएसची केबल

ही वेगळी, सात पिन दिव्यांच्या केबलशेजारी. ती न लावता गाडी नेली तर ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर ट्रेलरची चाकं जाम होण्यापासून वाचत नाहीत. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा ट्रेलर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर "बरं झालं" म्हणू नका, कुणीतरी त्याचा बल्ब काढलाय. विझत नसेल तर आधी केबल, मग चाकाजवळचा सेन्सर. हबचं काम झाल्यावर तो मागे सरकलेला असतो, हाताने पूर्ण आत दाबावा लागतो.

११. वेल्डिंगच्या आधी

ट्रेलरला कुठेतरी भेग गेली की वेल्डर तिथल्या तिथे जोडून देतो. दिव्यांची आणि एबीएसची, दोन्ही केबल काढायला लावा, बॅटरीची मायनस तार सोडा, आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा. नाहीतर तो करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक युनिटमधून फिरतो. बीएस ६ गाडीत चावी बंद केल्यावर बॅटरी लगेच तोडू नका, अ‍ॅडब्लूची यंत्रणा (धूर स्वच्छ करणारी) थोडा वेळ स्वतःला रिकामी करत असते. किती थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं.

१२. वायरमनकडे गेलात तर, आणि कागद

तो पहिलं वाक्य म्हणेल, "शेठ, अख्खी वायरिंगच बदलावी लागेल." तुम्ही म्हणा, "भाऊ, घोडा चेक केलाय, केबल चेक केलीय, ट्रेलरची ६ नंबर लाइन मेलीय. तेवढीच बघा." इतकं ऐकल्यावर भावही बदलतो. खरंच वायरिंग बदलायची असेल तर तार किती स्क्वेअर एमएमची टाकणार ते आधी विचारा, जोड पिळून काळी टेप गुंडाळून नको, थिंबल आणि स्लीव्ह हवी असं सांगा. जुन्या तारेचे तुकडे मागून घ्या.

गाडीत घोड्याचे आणि ट्रेलरचे कागद वेगवेगळे ठेवा:

- दोघांची आरसी
- दोघांचं फिटनेस
- दोघांचा विमा
- परमिट आणि घोड्याचं पीयूसी
- ड्रायव्हरचं लायसन्स

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवले तरी चालतात. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ट्रेलरची तारीख घोड्यापेक्षा निराळी असते आणि नेमकी तीच विसरली जाते. तपासणीला जाताना ट्रेलर जोडून पार्किंग, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक आणि नंबर प्लेटचा दिवा स्वतः मागे उभं राहून बघा.

काम संपल्यावर कुठल्या पिनला प्रत्यक्षात कुठल्या रंगाची तार गेलीय ते कागदावर लिहून त्याचा फोटो काढा. तो कागद ट्रेलरच्या फाइलमध्ये ठेवा, घोड्याच्या नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याच ट्रेलरला दुसरा घोडा लागलेला असतो.